निरोप कसा जातो, कसा पोचतो

मंडळी, माणूस एकटा राहत नाही. त्याला घर आहे, गाव आहे, लेक सासरी आहे, मुलगा मुंबईला कामाला आहे. म्हणून त्याला रोज कोणाला तरी काही सांगावे लागते आणि कोणाचे तरी ऐकावे लागते. या सांगण्या-ऐकण्याला आपण ‘निरोप’ म्हणतो.

आज निरोप धाडणे सोपे झाले आहे. खिशात मोबाइल असतो. बटण दाबले की सुरतेचा भाऊ बोलतो. पण मोबाइल आला काल-परवा. त्याच्या आधी शेकडो वर्षे निरोप जात होते आणि पोचतही होते. ते कसे जात होते? दवंडी, पत्र, तार, रेल्वेची घंटी, टेलिफोन, रेडिओ, या सगळ्यांची रीत आपण या पाठात समजून घेऊ. आपल्या जळगाव-धुळ्याकडची उदाहरणे घेऊ. म्हणजे गोष्ट नीट ध्यानात राहील.

निरोपाची पाच अंगे

हाताला जशी पाच बोटे, तशी निरोपाला पाच अंगे.

पहिले, सांगणारा. दुसरे, ऐकणारा. तिसरे, खूण. बोललेला शब्द ही खूण आहे, लिहिलेले अक्षर ही खूण आहे, लाल झेंडी हीही खूणच. खुणेचा अर्थ दोघांनाही ठाऊक हवा. एकाला लाल म्हणजे ‘थांब’ वाटते आणि दुसऱ्याला ‘ये’ वाटते, असे झाले तर घात होईल. चौथे, वाहक. खूण इकडून तिकडे नेणारा तो वाहक. हवा आवाज नेते, पोस्टमन पत्र नेतो, तांब्याची किंवा लोखंडाची तार वीज नेते.

पाचवे अंग पुष्कळ लोक विसरतात. ते म्हणजे पोच. ‘तुझा निरोप मिळाला, मला असा असा समजला,’ हे उलट कळणे म्हणजे पोच. पोच नाही, तोवर निरोप अर्धाच.

ही पाच अंगे मनात धरा. आता एकेक साधन पाहू.

दवंडी

गावात जुने साधन दवंडीचे. कोतवाल चौकात येतो. आधी डफ वाजवतो. मग मोठ्याने ओरडतो, ‘ऐका हो ऐका!’ मग निरोप सांगतो. पुढच्या गल्लीत जाऊन पुन्हा तेच करतो.

आधी डफ का? कारण लोक कामात असतात. कोणी दळत असते, कोणी बैलाला पाणी दाखवीत असते. डफ वाजला की कान टवकारतात. ऐकणारा तयार नसेल तर सांगणे वाया जाते. म्हणून आधी लक्ष वेधायचे, मग सांगायचे.

तेच ते पुन्हा का सांगायचे? एकदा ऐकताना चूक होते. कुत्रे भुंकते, मूल रडते, एखादा शब्द हुकतो. दुसऱ्यांदा ऐकले की हुकलेला शब्द सापडतो. पुन्हा सांगणे हे चुकीवरचे औषध आहे.

पण दवंडीत दोन उणिवा आहेत. एक, आवाज फार लांब जात नाही. शेतात असलेल्याला तो ऐकूच येत नाही. दुसरी, तोंडी निरोप पुढे जाताना बदलतो. समजा, दवंडी झाली, ‘गुरुवारी सकाळी चावडीवर बी-बियाणे मिळेल.’ मग रस्त्यात दोघांचे बोलणे असे होते:

‘काय हो आप्पा, दवंडी कशाची होती?’

‘बियाण्याची रे दादा. चावडीवर मिळणार म्हणे.’

‘कधी?’

‘गुरुवारी की शुक्रवारी... शुक्रवारीच वाटतं!’

झाले! दादा शुक्रवारी गेला. चावडीला कुलूप. बियाणे संपले. पेरणीचे दिवस. एका शब्दाने केवढे नुकसान! म्हणून ज्या निरोपात वार, वेळ आणि आकडा आहे, तो कागदावर हवा.

पत्र आणि पत्ता

कागदावरचा निरोप बदलत नाही. दहा हातांतून गेला तरी ‘गुरुवार’ हा गुरुवारच राहतो. लिहिण्याची मोठी करामत ती हीच.

आपल्या देशात पोस्टकार्ड १८७९ साली निघाले. तेव्हा त्याची किंमत होती एक पैसा, म्हणजे जुना पाव आणा. एका पैशात निरोप देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ लागला. पुढे १८८० साली मनिऑर्डर आली. मुंबईच्या गिरणीत राबणारा मुलगा गावाकडे पैसे धाडू लागला. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली एक छोटा तुकडा असे. पैसे घेणाऱ्याने त्यावर सही किंवा अंगठा करायचा. तो तुकडा परत मुलाकडे जाई. मुलाला कळे, पैसे पोचले. पाहा, पाचवे अंग आले! पोच मिळाली.

‘जोडकार्ड’ही असे. एक कार्ड तुमच्या निरोपाचे, दुसरे कोरे, उत्तरासाठी. म्हणजे ‘कार्डाला पैसे नव्हते’ ही सबब राहत नसे.

पण पत्र पोचायला पत्ता बरोबर हवा. एकाच नावाची गावे किती तरी असतात. पिंपळगाव म्हटले तर कोणते पिंपळगाव? टपाल छाटणाऱ्याने काय करावे? शिवाय आपल्या देशात लिप्या अनेक. तमिळ लिपीतला पत्ता जळगावच्या माणसाने कसा वाचावा?

यावर एका मराठी माणसाने तोड काढली. त्यांचे नाव श्रीराम भिकाजी वेलणकर. ते पोस्टखात्यात मोठे अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही होते. त्यांनी सहा आकड्यांचा पिन कोड बसवला. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला.

पिन कोड कसा वाचायचा ते पाहू. जळगावचा पिन कोड ४२५००१ आणि धुळ्याचा ४२४००१. पहिला आकडा ४. त्यावरून कळते, पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्यप्रदेश, छत्तीसगड या बाजूचे. दुसऱ्या आकड्याने त्यातला भाग कळतो. तिसऱ्या आकड्याने कळते, टपाल कोणत्या जिल्हा-विभागात छाटायचे. शेवटचे तीन आकडे म्हणजे वाटप करणारे पोस्ट ऑफिस.

यात एक गंमत आहे. चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात आहे. पण त्याचा पिन कोड ४२४१०१, म्हणजे धुळ्याच्या ४२४ चा. उलट शिरपूर धुळे जिल्ह्यात आहे, आणि त्याचा पिन कोड ४२५४०५, म्हणजे जळगावच्या ४२५ चा! ही चूक नव्हे. पिन कोड सरकारी हद्द पाहत नाही. टपाल कोठे छाटले जाते, ते पाहतो. जिल्ह्याचे नाव पाहून मनाने पिन कोड लिहू नका. पोस्टात विचारा आणि मग लिहा.

तार

पत्राला दिवस लागतात. पण आजार, मरण, पूर हे दिवस थांबत नाहीत. त्यासाठी तार आली.

तारेचे यंत्र कसे चालते? गोष्ट सोपी आहे. लोखंडाच्या तुकड्याभोवती तार गुंडाळा आणि तारेतून वीज सोडा. तो तुकडा लोहचुंबक बनतो आणि समोरची लोखंडी पट्टी ओढून घेतो. ‘कट्’ असा आवाज होतो. वीज बंद केली की चुंबकपणा जातो. पट्टी पुन्हा वर येते, पुन्हा आवाज होतो.

आता ही तार शेकडो मैल लांब करा. इकडे जळगावला बटण दाबले की तिकडे मुंबईला पट्टी वाजते. माणूस गेला नाही, घोडा गेला नाही. फक्त वीज गेली. आणि ती डोळ्याचे पाते लवायच्या आत गेली.

पण नुसत्या कट्-कट् आवाजातून शब्द कसे काढायचे? येथे खूण कामी येते. अमेरिकेतल्या सॅम्युअल मोर्स या माणसाच्या नावाने एक लिपी आहे. १८४४ साली त्याने दोन शहरांत तारेने निरोप धाडून दाखवला. त्याच्या लिपीत दोनच चिन्हे, टिंब आणि रेघ. बटण थोडे दाबले की टिंब. जास्त वेळ दाबले की रेघ. इंग्रजी ‘ई’ला एक टिंब. ‘टी’ला एक रेघ. ‘ए’ला टिंब-रेघ. ‘एन’ला रेघ-टिंब. इंग्रजीत ‘ई’ आणि ‘टी’ फार वेळा येतात, म्हणून त्यांना लहानात लहान खूण दिली. वारंवार लागणारी वस्तू घरात हाताशी ठेवतात ना? तसेच हे. सराव झालेला तारमास्तर मिनिटाला वीस-पंचवीस शब्द नुसत्या आवाजावरून लिहून घेई.

आपल्या देशात १८५० साली कलकत्त्याजवळ तारेचा प्रयोग झाला. डॉक्टर ओशॉनेसी नावाच्या माणसाने तो केला. १८५५ साली तार लोकांसाठी खुली झाली. तोवर कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास ही शहरे तारेने जोडली गेली होती.

तारेला शब्दाप्रमाणे पैसे पडत. म्हणून लोक एकेक शब्द तोलून लिहीत. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हे सगळे गळून पडे. राही फक्त गाभा. लग्नाच्या, सणाच्या ठराविक शुभेच्छांना तर नंबरच दिले होते. तार करणारा नंबर लिही. यंत्रावरून नंबर जाई. तिकडचा मास्तर त्या नंबराचे पूर्ण वाक्य लिहून देई. दोन्ही टोकांना एकच यादी असली की एका आकड्यात एक वाक्य मावते. उत्तर हवे असेल तर उत्तराचे पैसे आधीच भरता येत. तिला जबाबी तार म्हणत.

पण तार म्हटली की घरातल्या माणसांच्या पोटात गोळा येई. गल्लीत पोरे ओरडत, ‘तार उनी, तार उनी!’ बायाबापड्या विचारत, ‘काय हुयनं?’ कारण बहुतेक तारा वाईट बातमीच्या असत. आणि तार असे इंग्रजीत. घरात कोणाला वाचता येत नसे. मग ती घेऊन शाळेच्या मास्तरांकडे नाहीतर दुकानदाराकडे धावायचे. तोवर घरी रडारड सुरू होई.

समजा, सासूबाई मुंबईला मोठ्या मुलाकडे गेल्या आहेत. मुलाने गावी तार केली, ‘मदर लेफ्ट टुडे.’ म्हणजे आई आज निघाली. अर्धवट इंग्रजी जाणणाऱ्याने वाचून सांगितले, ‘आई आज गेली.’ घरात हंबरडा फुटला. सुनेने कुंकू-बांगड्यांकडे पाहिले नाही, चूल पेटली नाही, भाऊबंद जमले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई गाठोडे घेऊन दारात उभ्या!

‘अगं बाई, हे काय? कोण गेलं?’

‘आत्या... तुम्हीच!’

ऐकताना हसू येते. पण त्या एका रात्रीत त्या घराने काय सोसले असेल? यंत्राने चूक केली नव्हती. वीज बरोबर धावली, टिंब-रेघा बरोबर उतरल्या. चूक झाली शेवटच्या हाताच्या अंतरावर, कागद आणि वाचणारा यांच्यामध्ये. आपला निरोप आपल्याला वाचता येत नसेल, तर विजेच्या वेगाचा उपयोग काय?

१९४९ साली काही शहरांत देवनागरी लिपीत तार करण्याची सोय सुरू झाली. आपल्या भाषेतले शब्द आपल्या अक्षरांत धाडता येऊ लागले. पुढे घरोघर टेलिफोन आणि मग मोबाइल आले. तारेचे काम सरले. १४ जुलै २०१३ हा आपल्या देशातल्या तारसेवेचा शेवटचा दिवस ठरला.

रेल्वेची घंटी

पोच किती महत्त्वाची, हे पाहायचे तर रेल्वेकडे पाहा. भुसावळ हे मोठे जंक्शन. मुंबईहून आलेली लाइन तेथे फुटते, एक फाटा नागपूरकडे, दुसरा खांडवा-इटारसीकडे. जळगावहून अमळनेर-नंदुरबारमार्गे सुरतेला लाइन जाते. चाळीसगावहून धुळ्याला १९०० साली फाटा निघाला. एवढ्या गाड्या एकमेकींवर का आदळत नाहीत?

दोन स्टेशनांमध्ये जेवढी लाइन आहे, तेवढ्यात एका वेळी एकच गाडी सोडायची, हा मूळ नियम. हा नियम पाळायला दोन स्टेशनमास्तरांनी एकमेकांशी बोलले पाहिजे. त्यासाठी दोन्ही स्टेशनांत एकमेकांना जोडलेली यंत्रे ठेवली. त्यांना घंटी असते. घंटीच्या ठोक्यांची भाषा ठरलेली आहे.

एक ठोका: लक्ष द्या. दोन ठोके: लाइन मोकळी आहे का? तीन ठोके: गाडी तुमच्याकडे निघाली. चार ठोके: गाडी पूर्ण पोचली, लाइन मोकळी झाली.

एक ठोका म्हणजे दवंडीचा डफच की! आधी लक्ष, मग निरोप.

आता खरी गोष्ट ऐका. ज्या स्टेशनाने हे ठोके ऐकले, त्याने तितकेच ठोके उलट वाजवायचे. दोन ऐकले तर दोन, तीन ऐकले तर तीन. म्हणजे धाडणाऱ्याला कळते, तिकडे बरोबर ऐकू गेले. ‘ऐकले असेल’ असे येथे धरून चालत नाही. ‘असेल’वर गाडी सोडली तर शेकडो जीव जातील.

एकेरी लाइनवर आणखी एक युक्ती असे. तिला टोकन म्हणत. दोन्ही स्टेशनांच्या यंत्रांत पोलादी गोळे असत. यंत्रे विजेने अशी बांधलेली, की एका वेळी दोन्ही मिळून एकच गोळा बाहेर निघे. तो गोळा ज्या ड्रायव्हरच्या हाती, त्यालाच त्या लाइनवर जाण्याचा अधिकार. पुढच्या स्टेशनावर गोळा यंत्रात परत घातला, की मगच दुसरा निघे. गाडी न थांबवता तो देता-घेता यावा म्हणून गोळ्याची पिशवी मोठ्या कड्याला बांधलेली असे. ड्रायव्हर धावत्या इंजिनातून हात बाहेर काढून ते कडे उचलून घेई. शब्द नाही, अक्षर नाही. एक गोळा, पण त्याचा अर्थ पक्का: ‘वाट तुझी आहे.’

जुन्या हाताच्या सिग्नलमध्येही शहाणपण होते. खांबावर एक लाकडी किंवा लोखंडी हात. आडवा असला तर थांब. खाली झुकला तर जा. तो लांबून तारेने ओढत. समजा, ती तार तुटली, तर? सिग्नलला मागे वजन बांधलेले असे. तार तुटली की वजन हाताला आपोआप आडवा करी. म्हणजे बिघाड झाला की निरोप एकच, ‘थांब’. आता बहुतेक ठिकाणी रंगीत दिव्यांचे सिग्नल आहेत. पण तत्त्व तेच राहिले आहे. नक्की कळले नाही, तर थांबा.

टेलिफोन

टेलिफोन १८७६ साली ग्रॅहॅम बेल याने काढला. आपण बोलतो तेव्हा हवा थरथरते. जुन्या टेलिफोनच्या तोंडाशी एक पातळ पडदा आणि त्याच्या मागे कोळशाचे बारीक कण असत. आवाजाने पडदा थरथरे, कण कमी-जास्त दाबले जात. कण दाबले की वीज जास्त वाहते, मोकळे झाले की कमी. ही कमी-जास्त वीज तारेतून पलीकडे जाई. तिकडे चुंबक एका पातळ पत्र्याला तसाच थरथरवी. पत्रा हवेला थरथरवी. कानाला तोच आवाज ऐकू येई.

तारेपेक्षा यात मोठा फायदा. कळले नाही तर तिथल्या तिथे ‘काय म्हणालास?’ असे विचारता येते. निरोप आणि पोच एकाच वेळी!

पूर्वी दूरगावी बोलायचे तर ट्रंक कॉल लावावा लागे. नंबर एक्स्चेंजमध्ये सांगायचा आणि तासन्‌तास वाट पाहायची. एक्स्चेंजमधली बाई किंवा बुवा दोरीची खुंटी एका भोकातून काढून दुसऱ्यात खोवी, तेव्हा दोन गावे जोडली जात. मधल्या माणसाशिवाय थेट दूरगावी बोलण्याची सोय आपल्या देशात १९६० साली कानपूर-लखनौ या शहरांत प्रथम झाली. पुढे ती सगळीकडे पसरली. जळगावला ०२५७ आणि धुळ्याला ०२५६२ हे नंबर मिळाले. हे नंबर म्हणजे आवाजाचा पिन कोडच.

रेडिओ

रेडिओला तारही लागत नाही. केंद्रावर उंच खांब असतो. त्यातून विजेच्या लाटा चहूकडे पसरतात, तळ्यात खडा टाकल्यावर पाणी पसरते तशा. बोलण्याच्या चढउतारांप्रमाणे या लाटा लहान-मोठ्या करतात. आपला रेडिओ त्या लाटा पकडतो आणि त्यातून बोलणे पुन्हा वेगळे काढतो. प्रत्येक केंद्राच्या लाटेचे सेकंदातले हेलकावे वेगळे, म्हणून एकाचे बोलणे दुसऱ्यात मिसळत नाही. आकाशवाणीच्या जळगाव केंद्राचा आकडा ९६३ किलोहर्ट्झ. म्हणजे ती लाट सेकंदाला नऊ लाख त्रेसष्ट हजार वेळा हेलकावते! रेडिओची चकती फिरवून काटा त्या आकड्यावर आणला की जळगाव लागे.

रेडिओ एका वेळी लाखोंशी बोलतो. पण तो एकतर्फी आहे. शेतकरी रेडिओला विचारू शकत नाही, ‘हे खत कापसाला चालेल का?’

यावर १९५६ साली पुणे केंद्राने एक प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा, कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली १५० गावे निवडली. प्रत्येक गावात एक शेतकरी मंडळ केले. आठवड्यातून दोनदा मंडळी जमत आणि शेतीचा कार्यक्रम ऐकत. मग त्यावर आपसात चर्चा करीत. शंका निघाली की ती केंद्राकडे लिहून धाडत. पुढच्या कार्यक्रमात उत्तरे येत. रेडिओने गावाशी बोलायचे आणि पत्राने गावाने रेडिओशी बोलायचे. दोन साधने जोडली आणि पाचवे अंग पुरे झाले. या प्रयोगातून पुढे देशभर असा उपक्रम सुरू झाला.

नदीचा निरोप

आपल्या खानदेशात पाणी कमी म्हणून आपण रडतो. पण तापी, गिरणा, पांझरा चिडल्या की काय होते, हेही आपल्या पूर्वजांनी पाहिले आहे. १८७२ साली गिरणा आणि पांझरा या नद्यांना महापूर आला. धुळे शहराची फार हानी झाली.

पूर थांबवता येत नाही. पण पुराच्या पुढे निरोप धावू शकतो. पाणी वरून खाली यायला काही तास लागतात. वीज लगेच पोचते. या मधल्या वेळात माणसे आणि गुरे वाचतात.

तापी मध्यप्रदेशातून बुऱ्हाणपूरवरून आपल्याकडे येते. चांगदेवजवळ तिला पूर्णा मिळते. पुढे भुसावळ तालुक्यात हतनूर धरण आहे. त्याला ४१ दरवाजे आहेत. तेथून पाणी शिरपूर-शिंदखेड्याच्या बाजूने सारंगखेड्याला, पुढे गुजरातेत उकाई धरणात आणि शेवटी सुरतेला जाते. ऑगस्ट २००६ मध्ये सुरत शहर पाण्यात बुडाले होते. म्हणजे बुऱ्हाणपूरचा पाऊस सुरतेचा प्रश्न होतो.

म्हणून नदीच्या काठी जागोजाग पाण्याची उंची मोजण्याची ठाणी आहेत. तेथला माणूस पाण्यातल्या पट्टीवरचा आकडा वाचतो आणि तो वायरलेसने किंवा फोनने खालच्या ठाण्याला कळवतो. धरणाचे दरवाजे उघडायचे असले की काठच्या गावांना आधी सूचना जाते. तालुक्याहून तलाठ्याला, तलाठ्याकडून कोतवालाला. आणि शेवटी? शेवटी गावात दवंडी होते, नाहीतर देवळाच्या भोंग्यावरून सांगतात. पाहा, वायरलेसपासून सुरू झालेला निरोप दवंडीवर येऊन संपतो! जुने साधन म्हणून त्याला हसू नका. रात्री दोन वाजता वीज गेली, मोबाइल निजला, तर नदीकाठच्या झोपडीतली म्हातारी डफाच्याच आवाजाने जागी होईल.

पण येथे आपलेही एक काम आहे. सूचना ऐकली की ‘दरवर्षीच सांगतात’ असे म्हणून बसू नका. गुरे सोडा, शेजाऱ्याला उठवा. निरोपावर वागणे हीच त्याची खरी पोच.

तोंडचे कागदावर आले नसते तर

आतापर्यंत आपण लांब जाणारे निरोप पाहिले. काही निरोप लांब नव्हे, तर पुढच्या काळाकडे जातात. आजोबांकडून नातवाकडे जातात.

जळगावजवळ आसोदे नावाचे गाव आहे. तेथे १८८० साली बहिणाबाई चौधरी यांचा जन्म झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, घरात, जात्यावर काम करता करता त्या ओव्या रचीत आणि गात. ते गाणे हवेत उमटे आणि हवेत विरे. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि घरातल्या जाणत्या माणसांनी त्यांतली काही गाणी ऐकून कागदावर उतरवली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या. १९५२ साली ती गाणी पुस्तकात छापली गेली. आचार्य अत्रे यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. आज जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे. पण जी गाणी कोणी लिहून घेतली नाहीत, ती गेली. ती आता कोणत्याही यंत्राने परत येणार नाहीत.

दुसरी गोष्ट धुळ्याच्या तुरुंगातली. १९३२ साली स्वातंत्र्याच्या लढ्यात अनेक सत्याग्रही तेथे कैदेत होते. विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत. एकेका अध्यायावर एकेक, अशी अठरा प्रवचने झाली. ऐकणाऱ्यांत अमळनेरच्या शाळेत पूर्वी शिक्षक असलेले साने गुरुजी होते. त्यांनी ती प्रवचने लिहून घेतली. तुरुंगाच्या भिंतीआड बोललेले शब्द पुढे पुस्तक झाले. ‘गीता प्रवचने’ या नावाने ते अनेक भाषांत गेले. सरकारने माणसे कोंडली, पण शब्द कोंडता आले नाहीत. कारण तेथे एक लिहिणारा हात होता.

तुमच्याही घरात कोणी म्हातारी असेल. तिला अहिराणी गाणी येत असतील, औषधाची मुळी ठाऊक असेल, घराण्याची हकिकत ठाऊक असेल. तुम्हाला आता अक्षरे येतात. तिच्याजवळ बसा आणि लिहून घ्या. उद्यावर टाकू नका.

लक्षात ठेवा

१. सांगणारा, ऐकणारा, खूण, वाहक आणि पोच ही निरोपाची पाच अंगे आहेत.

२. वार, वेळ, आकडा आणि पैसा ज्यात आहे, तो निरोप लिहून घ्यावा.

३. महत्त्वाचा निरोप ऐकला की तो उलट म्हणून दाखवावा. रेल्वेची घंटी असेच करते.

४. नक्की कळले नसेल तर विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

प्रश्न

१. दवंडी देणारा आधी डफ का वाजवतो?

२. सिग्नलची तार तुटली तर सिग्नलचा हात आडवा का व्हावा?

३. शिरपूर धुळे जिल्ह्यात असून त्याचा पिन कोड ४२५ ने का सुरू होतो?

४. ‘आई आज निघाली’ आणि ‘आई आज गेली’ यांत फरक काय?

करून पाहा

एक पोस्टकार्ड आणा. दूरच्या नातलगाला पाच ओळी लिहा. पत्त्यात नाव, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिन कोड नीट लिहा. शेवटी एक ओळ आठवणीने घाला: ‘पत्र पोचल्याचे कळवावे.’ कार्ड दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. ते तुमचे असेल.